साहेबरावांनी पास केलेलं गेट

तळवड्याच्या साहेबराव ओव्हाळांनी उभ्या आयुष्यात कुणाला, कशाला 'ओके' म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. चाकणच्या एका कंपनीत ते सव्वीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहेत. ब्रेकचे सुटे भाग बनून त्यांच्या टेबलावर येतात. ते प्रत्येकाला माप तपासायचं गेज लावतात, उजेडाकडे धरतात, नखाने कड चाचपतात आणि चांगला असला तर हिरव्या ट्रेमध्ये ठेवतात, खोटा असला तर लाल. चांगल्या मालाबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. चांगला असायलाच पाहिजे, त्याचं कौतुक काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. खोटा निघाला की मात्र 'एनजी' म्हणतात. एनजी म्हणजे नॉट गुड. ही दोन अक्षरं ते अशा काही आवाजात म्हणतात, की मशीनवरच्या माणसाला आपल्या सात पिढ्यांत कुठेतरी खोट आहे असं वाटून जातं.

हे कंपनीत ठीक होतं. पण शिफ्ट सुटली तरी हा माणूस सुटत नसे. घरी आणलेली केळी ते टेबलावर मांडून त्यांच्यातली दोन बाजूला काढत. भाकरी ताटात आली की आधी फिरवून तिचा घेर बघत. लग्नाआधी जयमालाबाईंना बघायला गेले तेव्हा चहा होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि निघताना म्हणाले, "तुमचं कॅलेंडर डावीकडे कललंय." जयमालाबाईंनी तरीही होकार दिला. त्यांना त्या वेळी तो विनोद वाटला होता, असं त्या आता सांगतात.

एकुलती एक मुलगी दीक्षा. दहावीला तिला एक्याण्णव टक्के पडले तेव्हा सगळी गल्ली पेढे खात होती आणि साहेबराव गुणपत्रिका उजेडाकडे धरून बसले होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे नऊ टक्के रिजेक्शन." पोरीने पेढा खाली ठेवला. बापाच्या तोंडून ओके ऐकायचं, या एका हट्टापायी तिने पुढे काय काय केलं ते बघितलं तर वाटतं, साहेबरावांनी त्याच दिवशी तो शब्द म्हणून टाकला असता तर ती आज बँकेत सुखाने नोकरी करत असती.

कॉलेजात असताना ती मैत्रिणींबरोबर कोलाडला गेली. तिथे धरणाचं पाणी सोडलं की नदीत होड्या उड्या मारतात. दीक्षाने एकदा उडी मारली आणि परत येताना तिच्या डोक्यात होडीशिवाय काही नव्हतं. तिथून नर्मदेकाठच्या शिबिरात गेली. दिग्विजय सर म्हणून एक प्रशिक्षक भेटले, आणि चार वर्षांत पोरगी भारताच्या संघात. खेळाचं नाव कनू स्लॅलम. तळवड्यात कुणी विचारलं तर जयमालाबाई "होडीचा खेळ" म्हणत आणि विषय बदलत, कारण पुढचं त्यांनाही सांगता येत नसे.

सांगायला तसं सोपं आहे. उसळत्या पाण्यावर तारांवरून दांड्या टांगलेल्या असतात. दोन दांड्यांचं एक गेट, अशी वीस-बावीस गेटं. एकटीने बसायची चिंचोळी होडी आणि हातात दोन तोंडांचं वल्हं. हिरव्या गेटमधून प्रवाहाबरोबर खाली यायचं, लाल गेटमधून प्रवाहाच्या उलटं वर चढायचं. दांडीला नुसता स्पर्श झाला तरी दोन सेकंद दंड. डोकं दोन दांड्यांच्या मधून गेलं नाही तर गेटच चुकलं, त्याला पन्नास सेकंद दंड, म्हणजे खेळ खलास.

हे सगळं दीक्षाने वडिलांना समजावलं होतं, पण साहेबरावांनी फक्त 'हिरवं' आणि 'लाल' एवढंच ऐकलं. तिची पहिली परदेशी शर्यत मोबाइलवर लागली तेव्हा ते पहिल्याच लाल गेटला ताडकन उभे राहिले. "लालमध्ये कशाला चालली? अगं, लालमध्ये टाकायचा नसतो माल." पोरगी एकामागून एक लाल गेटमध्ये शिरत होती आणि इकडे बाप कपाळ बडवत होता. सव्वीस वर्षांत चुकूनसुद्धा लाल ट्रेमधला नग पुढे गेला नव्हता, आणि पोटची पोर सहा वेळा गेली होती. त्यानंतर जगातली प्रत्येक बाई लाल गेटमधून जाताना दिसली तेव्हा ते खाली बसले आणि म्हणाले, "सगळी लाइनच बिघडलीय." जयमालाबाईंनी दीक्षाला फोन लावून दिला, तिने पुन्हा पहिल्यापासून समजावलं, आणि तेव्हा कुठे साहेबरावांच्या रक्तदाबाला उतार पडला.

पण एकदा समजल्यावर मात्र गडी पेटला. कारण काय, तर प्रत्येक गेटशी एक पंच बसलेला असतो. त्याचं काम एकच, होडी दांडीला लागली का ते बघायचं. म्हणजे ते थेट फायनल इन्स्पेक्शनच, फक्त पाण्याकाठी. साहेबरावांना वाटलं, या भूतलावर आपली जातकुळी सांगणारी माणसं आहेत. ते हातात वही घेऊन शर्यती बघायला लागले. मोबाइल थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुढे. पंचांनी सोडलेले स्पर्श ते पकडत आणि वहीत मांडत.

यंदाचा सीझन जूनमध्ये सुरू झाला. युरोपात पाच गावी पाच शर्यती. प्रत्येक ठिकाणी पहिल्या फेरीतून तीस जणी पुढे जाणार. दिग्विजय सरांनी दीक्षाला स्वच्छ सांगितलं होतं, पाचांत एकदा तरी तिसांत ये, नाहीतर पुढच्या वर्षी संघात दुसरी मुलगी जाईल. पहिल्या शर्यतीत ती एक्केचाळिसावी आली. दुसऱ्या शर्यतीत सदतिसावी, आणि तीही एकही दंड न लागता. दीक्षाने आनंदाने घरी फोन केला. "पप्पा, एकदम स्वच्छ गेले. एकाही दांडीला लागलं नाही."

साहेबराव म्हणाले, "सातला लागलं."

"नाही हो. पंचांनी शून्य दिलंय."

"पंचाचं चुकलंय," ते म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर ते साहेबराव कसले?

कंपनीत ग्राहकाची तक्रार आली की आठ रकान्यांचा एक फॉर्म भरतात, त्याला एट-डी म्हणतात. काय बिघडलं, कुठे बिघडलं, का बिघडलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय कराल. त्यातला 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा, म्हणजे मूळ कारण सापडतं. साहेबरावांनी रविवारी आंघोळ करून असा एक फॉर्म आपल्या मुलीवर भरला. गेट सातला स्पर्श का झाला? डावं कोपर बाहेर आलं. कोपर बाहेर का आलं? नजर पुढच्या गेटवर होती. नजर पुढे का? घाई. घाई का? लहानपणापासूनची सवय. सवय का लागली? आईने वेळीच आवरलं नाही. मूळ कारण सापडलं. खाली त्यांनी सही केली, मोबाइलकडून इंग्रजी करून घेतलं आणि शर्यत भरवणाऱ्यांच्या पत्त्यावर धाडून दिलं. सोबत बाणाची खूण केलेला फोटो.

हरकत घ्यायची वेळ केव्हाच टळून गेली होती, त्यामुळे निकाल काही बदलला नाही. पण तो फॉर्म पंचांना इतका आवडला की त्यांनी तो आपल्या तंबूत लावला आणि पुढे प्रत्येक गावी सोबत नेला. दोन दिवसांत अख्ख्या नदीकाठाला कळलं की भारताच्या मुलीचे वडील स्वतःच्याच मुलीची तक्रार करतात. परदेशी मुली दीक्षाला हटकून विचारायला लागल्या, तुझ्या वडिलांना आमच्याही शर्यती बघायला सांगशील का? दिग्विजय सरांना तर भर बैठकीत उभं राहून खुलासा करावा लागला.

संध्याकाळी दीक्षाचा फोन आला. ओरडली नाही, रडली नाही. साहेबरावांना ओरडलेलं परवडलं असतं.

"पप्पा, सीझन संपेपर्यंत फोन करू नका. मला नाही आणि सरांनाही नाही. सरांनी तुमचा नंबर ब्लॉक केलाय. आईशी मी बोलेन."

"अगं, पण लागलं होतं ना?"

"लागलं होतं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

फॉर्मचा फोटो तिने आईलाही पाठवला होता. जयमालाबाईंनी मूळ कारण वाचलं. दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं, आणि ही आमटी एनजी आहे असं म्हणायची साहेबरावांची छाती झाली नाही.

तिसऱ्या शर्यतीत दीक्षा चौतिसावी आली, चौथीत बत्तिसावी. साहेबराव मोबाइलवर बघत, वहीत मांडत आणि वही बंद करून ठेवत. जयमालाबाई आतल्या खोलीत लेकीशी बोलत तेव्हा ते बाहेर बसून एकच पान तीनदा वाचायचे. त्यांना फार एकटं वाटत होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण कंपनीत त्या महिन्यात त्यांनी एका दिवसात एकशे बारा नग लाल ट्रेमध्ये टाकले, तेव्हा लोकांना अंदाज आला.

पाचव्या आणि शेवटच्या शर्यतीच्या गावाचं नाव साहेबरावांना उच्चारता येत नव्हतं. वेळ मात्र पाठ होती. आपल्या इथले दुपारचे चार. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते, म्हणजे शर्यत नेमकी कंपनीच्या बसमध्ये सापडणार. बस महाळुंग्याच्या पुढे आली आणि रोजच्यासारखी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि बाजूला रिक्षा. ड्रायव्हरने इंजिन बंद करून चप्पल काढली. म्हणजे निदान पाऊण तास.

शेजारी स्टोअरचे दौलतराव बसले होते. जुने मावळकर, इंदोरीकडचे. पाण्यातलं त्यांना विहिरीतल्या मोटरीपलीकडे काही ठाऊक नव्हतं, पण सव्वीस वर्षं साहेबरावांच्या शेजारी बसल्याने सोसायची ताकद होती.

"आज पोरीची हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

साहेबरावांनी मान हलवली आणि मोबाइल मांडीवर धरला. मागच्या सीटवरून चार डोकी पुढे आली, पलीकडून दोन. दीक्षा सुटली तेव्हा सबंध बस एका मोबाइलवर वाकली होती आणि ड्रायव्हर आरशातून बघत होता.

पोरगी त्या दिवशी फार सुंदर चालली. साहेबरावांनाही ते दिसत होतं. चौदाव्या गेटला डावी दांडी तिच्या खांद्याला जेमतेम चाटून गेली, आणि त्यांच्या बोटाने सवयीने हवेत एक रेघ मारली. एकविसाव्या, लाल गेटला ती पाण्याच्या उलट वळली, होडीचं नाक वर घातलं, अंग वाकवलं, गर्रकन फिरली आणि बाहेर पडली. सरळ शेवटच्या रेषेला. वेळ झकास होती, सहज तिसांतली. बसमध्ये कुणीतरी शिट्टी मारली.

मग पडद्यावर नावापुढे पन्नास आले.

एकवीस नंबरच्या पंचाच्या मते तिचं डोकं गेटच्या आतून गेलंच नव्हतं. दीक्षाचं नाव घसरत घसरत यादीच्या तळाला गेलं. दौलतराव म्हणाले, "आता वो?"

साहेबरावांनी व्हिडिओ मागे नेला. एकदा बघितला. पुन्हा मागे नेला आणि मोबाइल खिडकीच्या उजेडाकडे धरला. मागच्या सीटवरचा वेल्डर म्हणाला, "नाही गेलं राव डोकं." पलीकडचा म्हणाला, "गेलंय, गेलंय." बसमध्ये लगेच दोन तट पडले.

"गप बसा," साहेबराव म्हणाले. तिसऱ्यांदा बघितलं. दोन दांड्यांच्या मधल्या रेषेच्या आत हेल्मेट होतं. चार बोटं आत. पंच पलीकडच्या काठाला, त्याच्या बाजूने वल्ह्याचं पातं आडवं आलेलं. त्याला दिसलं नसणार. बिचाऱ्याची जागाच चुकीची.

आता प्रश्न असा, की निकालावर हरकत घ्यायची तर संघाच्या सरांनी काही मिनिटांतच घ्यावी लागते. सर वरच्या गेटांपाशी उभे असतात, त्यांना एकवीस दिसलंच नसणार. दीक्षा सांगेल, पण 'मी गेले होते' असं प्रत्येक खेळाडू सांगतो. आणि साहेबरावांना फोन करायला बंदी. केला आणि आपलंच चुकलं असलं, तर पोरगी सीझन संपल्यावरही बोलणार नाही. त्यांच्या हाताला घाम आला. गेज लावताना आजवर कधी आला नव्हता.

"दौलतराव, तुमचा फोन द्या."

"माझा कशाला?"

"माझा ब्लॉक आहे."

दौलतरावांनी फोन दिला. त्यावर सरांचा नंबर टाकेपर्यंत एक मिनिट गेलं, रिंग जाईपर्यंत दुसरं. तिकडून पाण्याच्या गडगडाटात आवाज आला, "हॅलो, कोण?"

"साहेबराव ओव्हाळ."

"साहेबराव, आज नको हो," दिग्विजय सर अक्षरशः हात जोडल्याच्या आवाजात म्हणाले. "आधीच पन्नास बसलेत. आता तुमची काय तक्रार?"

"एकवीस ओके आहे."

तिकडे नुसतं पाणी वाजत राहिलं.

"काय म्हणालात?"

"गेट एकवीस ओके. डोकं चार बोटं आत आहे. तीनदा बघितलं. पंचाच्या आड वल्हं आलंय."

"साहेबराव, तुम्ही ओके म्हणताय?"

"म्हणतोय. पण चौ..."

एवढ्यात दौलतरावांनी त्यांच्या तोंडावर हात दाबला आणि दुसऱ्या हाताने फोन बंद केला. "चौदाचं त्यानं इचारलं का?" ते म्हणाले. "न्हाई ना? मग आपून कशापायी सांगायचं?" साहेबराव त्या हातामागून काहीतरी म्हणत होते, पण स्टोअरमधल्या पोती उचलणाऱ्या हातापुढे काही चाललं नाही.

तिकडे काय झालं ते मागाहून कळलं. दुसऱ्या कुणा बापाने फोन केला असता तर सरांनी तो कानामागे टाकला असता, पोरीच्या प्रेमापोटी बोलतोय म्हणून. पण स्वतःच्या लेकीवर आठ रकान्यांचा फॉर्म भरणारा माणूस ओके म्हणतोय, याचा अर्थ सरांना एका क्षणात कळला. ते चिखलाच्या बुटांनी पंचांच्या तंबूपर्यंत धावत गेले. हरकत कुणाच्या सांगण्यावरून, असं तिथे विचारलं तेव्हा त्यांनी तंबूत लावलेल्या त्या फॉर्मकडे बोट दाखवलं. मुख्य पंच खुर्चीतून उठला आणि त्याने दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं.

बस अजून तिथेच होती. ड्रायव्हर झोपला होता. यादी हलायला लागली ते मागच्या वेल्डरने आधी बघितलं. पन्नास गेले. दीक्षा ओव्हाळ तळातून वर आली. अजून नऊ जणी उतरायच्या होत्या, त्यांतल्या दोघी तिच्यापुढे गेल्या, आणि शेवटी ती पंचविसावर थांबली. बसमध्ये जो गलका झाला त्याने ड्रायव्हर दचकून जागा झाला आणि रस्ता मोकळा झाला असं समजून त्याने इंजिन चालू केलं. समोर कंटेनर तसाच होता.

साहेबरावांनी वही काढली आणि यादी बघून काहीतरी मांडायला घेतलं. मांडून झालं तेवढ्यात दौलतरावांचा फोन वाजला. परदेशी नंबर. दौलतरावांनी घाईघाईत स्पीकर लावला आणि फोन साहेबरावांच्या तोंडासमोर धरला.

"पप्पा?"

साडेतीन महिन्यांनी. साहेबरावांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "बोल."

"सर म्हणाले, तुम्ही एकवीस ओके म्हणालात."

"म्हणालो."

"तुम्ही?"

"मीच."

तिकडे पाण्याचा आवाज आणि कुणाचं तरी परक्या भाषेतलं हसणं. बस श्वास धरून होती. साहेबरावांनी घसा खाकरला, आणि दौलतरावांनी ओळखलं. ते डोळे मोठे करून, मान हलवून, कान धरून नको नको म्हणायला लागले. पण देवाने माणसाला स्वभाव एकदाच दिलेला असतो.

"चौदाला डावी दांडी लागली तुझी," साहेबराव म्हणाले. "खांद्याला. त्यांना दिसलं नाही."

दौलतरावांनी कपाळाला हात लावला. मागून वेल्डर म्हणाला, "मेलं."

"माहितीये," दीक्षा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मला कळलं होतं. मघापासून तेच डोक्यात आहे, की मी खरी तिसांतली नाहीच. इथे सगळे मिठ्या मारतायत आणि मला नुसती चौदा नंबरची दांडी दिसतेय. म्हणून फोन केला. दुसरं कुणी खरं सांगणारं नाही मला."

"म्हणून मी दोन सेकंद धरले," साहेबराव म्हणाले. "माझ्या वहीत. ते धरून तू अठ्ठाविसावी येतेस."

"नक्की?"

"दोनदा मांडलंय. दोन सेकंद धरूनही तू आत आहेस. माझ्याकडून पास."

दीक्षाने नाक ओढलं आणि थंड पाण्यावर त्याचं खापर फोडलं. साहेबरावांनीही रुमाल काढला आणि चाकणच्या धुळीवर.

"उद्या पुढची फेरी आहे," ती म्हणाली. "झाली की फोन करा. कुठे चुकलं ते सांगायला."

साहेबरावांनी वही मिटली. "आणि काही चुकलं नाही तर?"

"तरी करा," दीक्षा म्हणाली.